लॉइडचं ऑपरेशन आणि टिपेटची पाणमांजरं

शेजाऱ्याचा सल्ला ऐकून ज्यांचं भलं झालं अशी माणसं जगात असतीलही; लॉइड हॅफनर त्यांच्यात मोडत नाही. जानेवारीतल्या एका सकाळी तो दारासमोरचा बर्फ उपसत होता आणि शेजारचा व्हर्जिल स्टँकी स्वतःचा बर्फ तसाच ठेवून, फावड्यावर रेलून त्याच्याकडे बघत होता. व्हर्जिलनं त्या दिवशी स्वतःचा बर्फ उपसला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं लॉइड अजून म्हणतो.

"काय रे, मार्नी अजून मागे लागलीय का त्या ऑपरेशनच्या?" व्हर्जिलनं विचारलं.

मार्नी ही लॉइडची बायको. चार मुलं, त्यातली शेवटची दोन जुळी. हॅफनर घराण्याचा विस्तार आता पुरे झाला आणि तो थांबवण्याचं काम या खेपेला लॉइडनं करावं, असं तिचं स्पष्ट मत होतं. नसबंदी म्हणजे पुरुषाचं अर्ध्या तासाचं काम, असं ती म्हणे. लॉइडची तत्त्वतः काहीच हरकत नव्हती. तत्त्वतः हरकत नसलेली गोष्ट माणूस किती काळ पुढे ढकलू शकतो, हे ज्यांच्या घराचं छप्पर गळतंय त्यांना विचारावं.

"लागलीय म्हणजे काय! परवा तिनं दवाखान्याचा नंबर फ्रिजवर लावला. मुलांच्या चित्रांशेजारी."

"मग करून टाक ना! पण मार्चमध्ये कर. बास्केटबॉलच्या स्पर्धेच्या पहिल्या गुरुवारी." व्हर्जिल कुंपणापाशी आला आणि आजूबाजूला कुणी नसताना आवाज खाली आणून म्हणाला, "मी तेच केलं होतं. डॉक्टर स्वतः सांगतो, चार दिवस सोफ्यावरून हलायचं नाही. डॉक्टर सांगतो, लॉइड! गुरुवारपासून रविवारपर्यंत नुसतं बास्केटबॉल. बायको हातात सँडविच आणून देते. गॅरेज आवरा म्हणत नाही. उलट पोरांना दटावते, बाबांच्या अंगावर उड्या मारू नका म्हणून. मला तर एवढा मान लग्नातसुद्धा मिळाला नव्हता."

लॉइडच्या हातातलं फावडं खाली आलं. तो शाळेत भूगोल शिकवायचा. मार्च महिन्यात देशभरातली कॉलेजं बास्केटबॉलसाठी एकमेकांच्या उरावर बसतात आणि पहिल्या दोन दिवसांचे सामने भर दुपारी, म्हणजे ऐन शाळेच्या वेळात असतात. ते दोन दिवस लॉइड पोरांना आफ्रिकेतल्या नद्या रंगवायला द्यायचा आणि कानात रेडिओची वायर खुपसून, नद्यांवर चिंतन केल्यासारखा चेहरा करून बसायचा. शाळा बास्केटबॉलसाठी रजा देत नाही. ऑपरेशनसाठी मात्र द्यावीच लागते.

संध्याकाळी त्यानं मार्नीला सांगितलं की, मी खूप विचार केला, आणि तुझंच बरोबर आहे. मार्नीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं कॅलेंडर बघितलं आणि ते पाणी आटलं.

"मार्चमधला गुरुवार," ती म्हणाली. "लॉइड, मी मूर्ख आहे का गं?"

"गं काय म्हणतेस मला?"

"मी स्वतःलाच विचारतेय. जा, फोन कर. कुठल्या का कारणानं होईना, कर एकदाचं."

डॉक्टर पेल्झरच्या दवाखान्यात फोन घेणारी इर्मा हार्लनबर्ग गावातल्या अर्ध्या लोकांची मावशी लागते आणि उरलेल्या अर्ध्यांनाही भाच्यांसारखंच वागवते. "स्पर्धेचाच गुरुवार ना रे बाळा?" ती म्हणाली. "सगळ्यांना तोच हवाय. ऑक्टोबरपासून भरलाय. साडेअकराची एक वेळ आहे, घे पटकन." लॉइडनं हिशेब केला. साडेअकराला टेबलावर, एकपर्यंत सोफ्यावर. पहिला सामना थोडा बुडेल, पण पहिल्या सामन्यात असणार तरी कोण? कुणीतरी उपटसुंभ. त्यानं वेळ घेतली.

आता टिपेटबद्दल सांगायला हवं. टिपेट कॉलेज हार्लनबर्गच्या टोकाला आहे आणि त्याच्या संघाचं नाव पाणमांजरं. गावाच्या ओढ्यात आजवर कुणी पाणमांजर बघितलेलं नाही, पण ज्यांनी नाव ठेवलं त्यांना कुणी विचारलं नाही. लॉइड तिथेच शिकला, आणि तेव्हापासून गावातला एकही सामना त्यानं चुकवला नव्हता. कॉलेजच्या व्यायामशाळेत, पत्र्यातून पाणी ठिबकतं त्याच्या बरोबर खालच्या बाकावर बसून, छत्री मांडीवर ठेवून, तो पाणमांजरांना हरताना बघत आला होता. जिंकणाऱ्या संघावर प्रेम कुणीही करेल. टिपेटवर करायला मुळात माणसाचा स्वभावच चिकट लागतो. मोठ्या स्पर्धेत टिपेट कधी पोचलं नव्हतं. लॉइडची एकच इच्छा होती, मरण्यापूर्वी एकदा ते पोचावं आणि आपण ते बघावं. ही इच्छा त्यानं मार्नीला लग्नाआधी सांगितली होती, तेव्हा तिला ती गोड वाटली होती.

त्या वर्षी काय झालं देव जाणे. वर्षभर मार खाल्लेली पाणमांजरं मार्चच्या सुरुवातीला आपल्या छोट्या गटाची स्पर्धा खेळायला गेली आणि जिंकली. एकामागून एक सगळे सामने जिंकली. गटातला विजेता थेट मोठ्या स्पर्धेत जातो असा नियम आहे, त्यामुळे टिपेट गेलं. हार्लनबर्गमध्ये गाड्यांचे भोंगे दुपारभर वाजत होते. रविवारी संध्याकाळी कोण कुणाशी, कधी खेळणार हे टीव्हीवर जाहीर होणार होतं, म्हणून अख्खं गाव कॉलेजच्या व्यायामशाळेत जमलं. पडद्यावर टिपेटचं नाव आलं आणि लोक खुर्च्यांवर चढून नाचायला लागले. समोर एक बलाढ्य विद्यापीठ होतं, ज्याच्या नुसत्या बँडमध्ये टिपेटच्या एकूण खेळाडूंपेक्षा जास्त उंच मुलं होती. पण त्याची पर्वा कुणाला! लॉइड व्हर्जिलच्या गळ्यात पडून रडत होता. तेवढ्यात पडद्यावर खाली सामन्याची वेळ आली. गुरुवार. दुपारी सव्वाबारा.

"अरे," व्हर्जिल त्याच्या पाठीवर थोपटत म्हणाला, "गुरुवारी सव्वाबाराला तू तर..."

लॉइड रडतच राहिला, फक्त रडण्याचं कारण बदललं.

सोमवारी सकाळी इर्मानं सांगितलं की पुढची वेळ जूनमध्ये आहे. "आणि बाळा, तू एकटाच नाहीस. सकाळपासून दहा जणांनी फोन केला. सगळ्यांना गुरुवारीच पाहिजे, पण दुपारी नको. मी काय गुरुवार ताणून मोठा करू?"

रद्द करावं, असा विचार लॉइडनं मार्नीपुढे मांडला. मांडला म्हणजे, "समजा" एवढाच शब्द त्यानं उच्चारला.

"समजा काय?" मार्नी म्हणाली. "आईनं मुलांसाठी चार दिवस काढलेत. मी आमच्या दाताच्या दवाखान्यातून शुक्रवारची सुट्टी मागून घेतलीय. टिपेट काय, आज ना उद्या परत येईल. जुळी कधीही येऊ शकतात! नाही लॉइड. या गुरुवारी तू त्या टेबलावर असशील, नाहीतर सोफ्यावर कायमचा असशील, आणि तो सोफा गॅरेजमध्ये असेल."

राहता राहिला एकच मार्ग, कुणाची तरी सकाळची वेळ मागून घेणं. आता अशा वेळी माणसानं गुपचूप चौकशी कशी करायची? "तुमची नसबंदी किती वाजता आहे हो?" असं किराणा दुकानाच्या रांगेत विचारता येत नाही. लॉइडनं फक्त व्हर्जिलला विश्वासात घेतलं. संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक न्हाव्याला, टपालवाल्याला आणि शाळेतल्या सातवीच्या वर्गाला ही बातमी कळली होती. दुसऱ्या दिवशी लॉइडच्या टेबलावर गोठवलेल्या मटारांची पिशवी ठेवलेली होती. ऑपरेशननंतर सूज येऊ नये म्हणून मटारांची पिशवी लावून बसतात, हे सातवीच्या पोरांना कसं ठाऊक, हा प्रश्न लॉइडनं मुख्याध्यापिकेकडे नेला नाही. पिशवी दुपारपर्यंत वितळली.

सल्ले मात्र सुरू झाले. न्हाव्याच्या मते मटारांपेक्षा मक्याचे दाणे बरे. टपालवाल्यानं मका टोचतो असं स्वानुभवावरून सांगितलं. त्यांच्या वादात लॉइड उभा राहिला आणि त्याचं पत्र भलत्याच घरी गेलं. दुकानात जाऊन बघतो तो काय, मटारही संपलेले आणि मकाही. तालुक्यातले सगळे पुरुष येऊन गेले होते. शेवटी त्याला गोठवलेल्या कोबीच्या बारक्या गड्ड्यांची एक पिशवी मिळाली, तीही दुकानदारानं "यानं होतं का बघ बाबा" म्हणत दिली.

वेळ मिळाली ती पाद्री ग्रुबर यांच्याकडून. लुथरन चर्चच्या या पाद्र्यांना पाच मुलं, आणि त्यांनी सकाळी आठची वेळ घेतलेली होती.

"देईन की," पाद्री म्हणाले. "मला बास्केटबॉलचं काही नाही. पण लॉइड, रविवारच्या वर्गाला शिक्षक मिळत नाहीये. बारकी मुलं आहेत. थोडी चावतात."

"किती आठवडे, पाद्रीसाहेब?"

"आठवडे?" पाद्री प्रेमळ हसले. "वर्षभर म्हणतोय मी."

लॉइडनं कबूल केलं. बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये ईस्टरआधीच्या उपासकाळातली प्रार्थना आणि नंतर सूप असतं. प्रार्थनेत पाद्र्यांनी आजाऱ्यांची, प्रवाशांची नावं घेतली, पाणमांजरांना बळ मागितलं, आणि मग भरल्या आवाजात म्हणाले, "आणि आपला बंधू लॉइड, जो उद्या सकाळी आठ वाजता एका नाजूक प्रसंगातून जाणार आहे." सूपाच्या रांगेत तीन आज्यांनी त्याचे गाल कुरवाळले. गुरुवारी सकाळी मार्नी त्याला दवाखान्याकडे घेऊन निघाली तेव्हा बँकेबाहेरच्या मोठ्या पाटीवर, जिथे एरवी व्याजाचा दर असतो तिथे, काळ्या अक्षरांत लिहिलं होतं: पाणमांजरांनो, लढा. लॉइड, धीर धर.

"लोकांना काळजी आहे रे तुझी," मार्नी म्हणाली, आणि पुढचा सगळा रस्ता ओठ घट्ट दाबून, खांदे हलवत गाडी चालवत राहिली. ती हसतेय हे लॉइडला कळत होतं. त्यानं अंगावर टिपेटचा हिरवा सदरा घातला होता आणि मांडीवर कोबीची पिशवी होती. अशा माणसानं रागावायचं तरी कसं?

दवाखाना गावाबाहेर हमरस्त्यावर होता. मार्नीनं त्याला सोडलं आणि गाडी घेऊन ती दाताच्या दवाखान्यात कामावर गेली. आठच्या ठोक्याला इर्मानं त्याचे कागद उघडले आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"लॉइड बाळा, विमा कंपनीनं मंजुरी पाठवलीय. पण इथे लिहिलंय, नसबंदी, रुग्णाचं नाव मार्नी हॅफनर."

"मार्नी बाई आहे!"

"मला माहितीय रे. तिच्या लग्नातला केक मी वाटला होता. पण कंपनीला माहीत नाही. विमा तिच्या नोकरीतून, म्हणून तिचंच नाव घातलं असणार. ते दुरुस्त झाल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नाहीत."

कंपनीचं ऑफिस कॅलिफोर्नियात. तिथे अजून उजाडायचं होतं. उजाडल्यावर फोन लागला आणि पलीकडची बाई मधाळ आवाजात म्हणाली, "माफ करा सर, ही खासगी माहिती आहे. आम्हाला फक्त रुग्णाशीच बोलता येईल."

"रुग्ण मीच आहे!"

"आमच्या नोंदीत रुग्ण मार्नी आहेत सर. त्यांना फोन देता का?"

मार्नीचे दोन्ही हात त्या वेळी कुणाच्या तरी तोंडात होते. दाताच्या दवाखान्यातून निरोप मिळाला की जेवणाच्या सुट्टीत ती फोन करेल. लॉइडची आठची वेळ गेली. त्याच्या मागचे आत गेले, बाहेर आले. निघून जावं तर गाडी नाही, आणि इर्मानं बजावलेलं, दारातून बाहेर पडलास तर थेट जून. लॉइडच्या जुन्या वेळेवर, साडेअकराला, पाद्री ग्रुबर आले, त्यांनी लॉइडला तिथेच बसलेलं बघितलं, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून आत गेले. म्हणजे वेळही गेली आणि वर्षभराची चावरी मुलंही पदरात पडली.

बाहेरच्या खोलीत एक टीव्ही होता. त्याच्यावर मुतखडा कसा होतो याची फिल्म लागली होती. संपली की पुन्हा सुरू व्हायची. ती बंद करायची कळ, इर्मा म्हणाली, डॉक्टरांकडे आहे, आणि डॉक्टरांनी ती कुठे ठेवलीय हे डॉक्टरांना माहीत नाही. लॉइडचा कानातला रेडिओ शाळेच्या खणात राहिला होता, आणि दवाखान्यात रेडिओ एकच, आत, डॉक्टरांच्या डोक्याशी. सव्वाबारा वाजले. लॉइडच्या जन्मात पहिल्यांदा टिपेट मोठ्या स्पर्धेत मैदानात उतरलं आणि लॉइड मुतखड्याचा उगम बघत बसला.

बातम्या यायच्या त्या ऑपरेशन झालेल्यांकडून. आतून एकेक जण पाय फाकवत, भिंतीला धरत बाहेर यायचा, आणि खोलीतले सगळे पुढे सरसावायचे. "तब्येत कशी आहे" असं कुणीही विचारलं नाही.

"बारा गुणांनी मागे," पाद्री बाहेर येत म्हणाले, आणि हळूच खुर्चीत बसले. त्यांना न्यायला बायको आली होती, पण आता ते जायला तयार नव्हते. बास्केटबॉलचं काही नसलेला माणूस! लॉइडला त्यांचा इतका राग आला की तो मुतखड्याकडे बघत राहिला.

पुढचा आला. "सातनं मागे. तो बीमन पोरगा पेटलाय."

कॉर्नेल बीमन! गावातल्या मैदानावर ज्याचा चेंडू बास्केटच्या कडीलासुद्धा लागायचा नाही, तो बीमन. लॉइडनं कोबीची पिशवी छातीशी धरली.

त्याच वेळी दाताच्या दवाखान्यातून मार्नी विमा कंपनीशी बोलत होती. हे संभाषण तिनं नंतर इतक्यांदा सांगितलं की ते गावाला पाठ आहे. "मला नसबंदी नकोय, माझ्या नवऱ्याला हवीय," ती म्हणाली. पलीकडून विचारणा झाली, "नवऱ्याची संमती आहे का?" मार्नी म्हणाली, "त्याचं विचारू नका, तो बास्केटबॉल बघतोय." आणि मंजुरी मिळाली.

इर्मानं हाक मारली तेव्हा टिपेट दोन गुणांनी मागे होतं आणि सामन्याची शेवटची काही मिनिटं राहिली होती. "आता की जूनमध्ये?" तिनं विचारलं. आत रेडिओ होता. लॉइड धावत गेला. त्या खोलीत आजवर कुणी धावत गेलेलं नव्हतं, असं डॉक्टर पेल्झर नंतर म्हणाले.

बधिर करण्याचं इंजेक्शन दिलं. कमरेवर हिरवी चादर घातली. डॉक्टरांनी रेडिओचा आवाज वाढवला.

"हॅफनर, एक लक्षात ठेवा. काहीही झालं तरी हलायचं नाही. ओरडायचं नाही. हसायचं नाही."

"तुम्ही पण लक्ष कामाकडे ठेवाल ना, डॉक्टर?"

"मी टिपेटचाच आहे हो," डॉक्टर म्हणाले. लॉइडला याचा आधार वाटावा की भीती, ते ठरवता येईना.

रेडिओवरचा माणूस किंचाळत होता. एका गुणानं मागे. चेंडू टिपेटकडे. काही सेकंद उरलेले. लॉइड छताकडे बघत पडला होता, दोन्ही मुठी घट्ट, अंग लाकडासारखं. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो क्षण आला होता आणि त्याच्यासमोर छताला लागलेला एक ओला डाग होता. चेंडू बीमनकडे. बीमननं उडी मारली. चेंडू कडीवर आदळला, कडीवरून फिरला, अजून फिरतोय... डॉक्टरांचे हात थांबले. आणि मग रेडिओतून नुसता गोंगाट आला. बायकांचा, पुरुषांचा, बँडचा. शब्द एकही नाही.

"आत गेला का?" लॉइड कुजबुजला. "कुणीतरी सांगा! गेला का आत?"

दार धाडकन उघडलं. इर्मा आली, मागून पाद्री, त्यांची बायको आणि सकाळपासून ऑपरेशन झालेले पाच-सहा जण, पाय फाकवत पण जमेल तेवढ्या वेगानं. इर्माकडच्या फोनवर कुणीतरी कळवलं होतं. "जिंकलो! एका गुणानं!" सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले. डॉक्टरांच्याही पडले. पाद्र्यांनी लॉइडचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचं चुंबन घेतलं. लॉइडच्या डोळ्यांतून पाणी कानांत जात होतं.

"चादर," तो म्हणत होता. "कुणीतरी जरा चादर नीट करा."

त्यानंतरचा दीड दिवस मात्र व्हर्जिलनं वर्णन केलं होतं अगदी तसा गेला, हे कबूल करायला हवं. सोफा, सँडविच, कोबी. दूरदूरचे सामने. शनिवारी टिपेटचा दुसरा सामना, आणि तो लॉइड याच सोफ्यावरून, दोन्ही डोळ्यांनी बघणार होता. शुक्रवारी संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. व्हर्जिल, पाद्री ग्रुबर, इर्मा आणि डॉक्टर पेल्झर, चौघे ओळीनं उभे. हातात भाजलेल्या मॅकरोनीचं भांडं. ते बघूनच लॉइड सावध झाला. कुणाच्या घरी माणूस गेल्याशिवाय हार्लनबर्गमध्ये एवढं मोठं भांडं नेत नाहीत.

"लॉइड," व्हर्जिलनं घसा साफ केला, "तुला माहीतच आहे. गुरुवारी मी जे मोजे घातले होते ते अजून घातलेत."

"वास येतोय."

"संघाचा प्रशिक्षक त्याच टेबलावर तीच पाव-अंडी खातोय. बँकेनं पाटी बदलली नाही. जे करताना जिंकलो ते बदलायचं नसतं. आणि लॉइड, जिंकलो तेव्हा तू..." त्यानं डॉक्टरांकडे बघितलं.

"मी उद्या दवाखाना उघडतो," डॉक्टर म्हणाले. "काही करणार नाही. तुम्ही फक्त पडून राहायचं. चादरीखाली."

"तुम्ही डॉक्टर आहात!" लॉइड ओरडला. "तुम्ही शिकलेले आहात! आणि तुम्ही, पाद्रीसाहेब, देवाचा माणूस!"

"देव निरनिराळ्या मार्गांनी काम करतो," पाद्री जमिनीकडे बघत म्हणाले.

लॉइडनं त्यांना स्वच्छ सांगितलं. मी जन्मभर वाट बघितली. गुरुवारी छताचा डाग बघितला. उद्या मी टिपेट बघणार, आणि जगातली कुठलीही ताकद मला या सोफ्यावरून उठवू शकणार नाही. चौघे मान खाली घालून गेले. भांडं मात्र ठेवून गेले, हे वाईट. मार्नी म्हणाली, "शाब्बास!" तिनं त्याला इतक्या वर्षांत पहिल्यांदा शाब्बास म्हटलं होतं.

शनिवारी दुपारी टीव्हीवर मैदान दिसायला लागलं. हिरव्या कपड्यातली पाणमांजरं धावत आली. बीमननं कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला. केवढं पोरगं ते! लॉइडनं उशी नीट केली. मग डाव्या कुशीवर झाला. मग उजव्या. बीमनचा चेहरा त्याला घाबरलेला वाटला. समजा हरले तर? समजा नुसतं एका माणसानं एका जागी पडून राहायचं होतं, आणि तेवढंही त्यानं केलं नाही?

"मार्नी," तो म्हणाला. "गाडी काढ."

"काय झालं? दुखतंय का?"

"दवाखान्यात चल."

मार्नी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं किल्ल्या उचलल्या. "इथे वेडी मी आहे," ती म्हणाली. "मी याच्याशी लग्न केलं."

टिपेट एकतीस गुणांनी हरलं. लॉइड पहिल्यापासून शेवटपर्यंत चादरीखाली सरळ पडून होता आणि त्याला रेडिओवर सगळं ऐकू येत होतं, दुर्दैवानं. शेजारी डॉक्टर, दाराशी व्हर्जिल, मोज्यांसकट. रविवारी चर्चमध्ये त्याच्याशी कुणी फारसं बोललं नाही. नंतर न्हाव्यानं त्याला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "खरं सांग लॉइड, काही मनात ठेवणार नाही. तू हललास का?"

"नाही!"

"डॉक्टर म्हणतात नाक खाजवलंस."

"एकदा! आणि तेव्हा आपण आधीच वीसनं मागे होतो!"

"तेच तर," न्हावी म्हणाला. "तिथून पुढे परतता आलं असतं."

त्या सकाळी एका बारक्यानं त्याला चावलं ते वेगळंच. लॉइड घरी येऊन सोफ्यावर पडला आणि म्हणाला की हा खेळ, हे गाव आणि ही पाणमांजरं, सगळं ओढ्यात बुडवा. एवढा सगळा उपद्व्याप करून माझ्या वाट्याला काय आलं? दोन्ही सामन्यांतलं बघायला मिळालं ते शनिवारचं हात हलवणं. तेवढंच. टिपेट पुन्हा काही पोचणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

मार्नी उठली. तिनं टीव्हीखालच्या यंत्रात एक टेप सरकवली. न जाणो उशीर झाला तर, म्हणून गुरुवारी सकाळी निघण्यापूर्वी तिनं सामना टेप करायला यंत्राला वेळ लावून ठेवली होती. पडद्यावर गुरुवारचा सामना सुरू झाला. बास्केटबॉलमध्ये किती खेळाडू असतात हेही मार्नीला नक्की माहीत नव्हतं, पण ती सोफ्याच्या टोकाला बसली आणि तिनं त्याचे पाय मांडीवर घेतले.

लॉइडनं सगळं बघितलं. बारानं मागे पडणं बघितलं, सातनं मागे बघितलं, बीमन पेटलेला बघितला. ओरडला, उशी फेकली, पंचाला नावं ठेवली. टिपेट जिंकलंय हे त्याला, मार्नीला आणि सातवीच्या वर्गाला माहीत होतं. तरी शेवटचं मिनिट आलं तसा तो गप्प झाला. आडवा झाला. हात अंगाला चिकटवले.

"लॉइड," मार्नी म्हणाली, "अरे, सामना झालाय. गुरुवारी झालाय."

"हलवू नकोस मला."

एका गुणानं मागे. चेंडू बीमनकडे. बीमननं उडी मारली, चेंडू हातातून सुटला, कडीच्या दिशेनं निघाला, आणि लॉइडनं डोळे गच्च मिटून घेतले.

टीव्हीतून गोंगाट आला. मार्नीनं बघितलं तर त्याचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"गेला का आत?" त्यानं विचारलं.